सूर्योपासक राजा : श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी

अंगावर मांस चढलेले असणे हे घरच्या संपन्नतेचे लक्षण होय, अशी आपल्या समाजाची फार दिवसांची समजूत. सुटलेल्या पोटाकडे पाहून, हा खात्यापित्या घरचा गृहस्थ, असे लोक कौतुकाने म्हणत. लग्नानंतर वर्षभरात जावई अंगाने भरला नाही, तर सासूबाईंना काळजी वाटे. व्यायाम हा तालमीतील मल्लांचा उद्योग. लेखणीवर आणि पोथीवर निर्वाह करणाऱ्यांना त्याचे काय प्रयोजन, अशीही धारणा होती. स्त्रियांनी व्यायाम करावा ही कल्पना तर पुष्कळांच्या कानांना सोसतही नसे. या तिन्ही समजुतींना ज्यांनी स्वतःच्या आचरणाने धक्का दिला, त्या औंधच्या श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे अल्पचरित्र यंदाच्या स्मरणिकेत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

भवानरावांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 रोजी झाला. परशुराम त्रिंबक यांच्यापासून छत्रपतींचे प्रतिनिधिपद भूषविणारे हे घराणे. सातारा भागातील औंध ही त्यांच्या संस्थानाची राजधानी. संस्थान लहान, अवघ्या 72 गावांचे. परंतु त्याच्या अधिपतीच्या अंगचे गुण मात्र नाना प्रकारचे होते. ते बी. ए. झालेले होते, उत्तम चित्रकार होते, आणि राजा असूनही कीर्तनास उभे राहण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. 1935 साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. या सर्व व्यासंगांना पुरून उरणारा त्यांचा एक ध्यास होता, आणि तो म्हणजे शरीरस्वास्थ्याचा.

त्या काळी युजेन सँडो या युरोपीय बलवंताची कीर्ती हिंदुस्थानात पसरली होती. त्याच्या पिळदार देहाची छायाचित्रे, त्याची पुस्तके आणि त्याची व्यायामसाधने यांची सुशिक्षित तरुणांवर मोठी मोहिनी होती. भवानरावांनीही 1897 च्या सुमारास ती साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने नेटाने व्यायाम केला. शरीर कमावण्याची गोडी त्यांना प्रथम लागली ती अशी. तरुणपणीची हौस वर्षा-दोन वर्षांत मावळते, हा सर्वसाधारण अनुभव. त्यांचा हा नेम मात्र टिकला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे 1908 च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार हे काही त्यांनी नव्याने शोधून काढले नव्हते. समर्थ रामदास नित्य नमस्कार घालीत अशी परंपरा आहे, आणि अनेक घरांतून तो एक उपासनेचा प्रकार म्हणून चालत आला होता. भवानरावांनी त्याच्या आसनांचा क्रम निश्चित केला, श्वासोच्छ्‌वासाचे नियम बसविले, बीजमंत्रांच्या उच्चाराची सांगड घातली आणि त्याला पद्धतशीर व्यायामाचे रूप दिले. सँडोच्या व्यायामाला साधने लागत, आणि साधनांना पैसा लागे. नमस्काराला साडेतीन हात जमीन आणि पहाटे उठण्याचा निश्चय एवढेच पुरे होते. गरिबाच्या ओसरीवर आणि राजाच्या वाड्यात तो सारखाच घालता येतो, हे त्याचे खरे मोल त्यांनी ओळखले.

1909 साली ते गादीवर आले आणि या विचाराला राज्याचे बळ मिळाले. औंध संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना नमस्कार आवश्यक करण्यात आले. राजवाड्यातील स्त्रियाही त्यातून सुटल्या नाहीत. खुद्द राणीसाहेब नमस्कार घालीत. ज्या काळी मुलीला चारचौघांत मोकळेपणाने चालण्याचीही चोरी होती, त्या काळी निरोगी मातृत्वासाठी स्त्रीने व्यायाम केलाच पाहिजे, असे प्रतिपादन करणे हे धाडसच म्हटले पाहिजे. आहाराविषयीही त्यांचा कटाक्ष असे. साधे सात्त्विक अन्न घ्यावे, चहा आणि तंबाखू यांपासून दूर राहावे, असे ते सांगत. स्वतः ते उतारवयातही नेमाने नमस्कार घालीत. 1936 साली ते इंग्लंडला गेले. तेथे लुईज मॉर्गन या लेखिकेने त्यांच्या पद्धतीचा परिचय करून देण्यात पुढाकार घेतला, आणि 1938 साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी श्रीमंतांनी सत्तरी गाठली होती. विलायतेचे शरीरशास्त्र शिकू पाहणाऱ्या तरुणाने उतारवयात विलायतेला आपला व्यायाम शिकवावा, हा योग मोठा मनोहर आहे.

त्यांच्या राज्यकारभारातही हाच स्वावलंबनाचा सूर आढळतो. 1939 साली त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि स्वतःचे अधिकार आपण होऊन सोडले. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची बिनभिंतींची वसाहत सुरू झाली. 1948 साली संस्थान भारतात विलीन झाले, आणि 13 एप्रिल 1951 रोजी श्रीमंतांनी इहलोकीची यात्रा संपविली.

गुणगौरव करताना विवेक सुटू नये. सूर्यनमस्काराने बहुतेक सर्व व्याधी दूर होतात, असा जो विश्वास त्यांच्या लेखनात दिसतो, तो आजचे वैद्यक मान्य करणार नाही. व्यायाम हा औषधाची जागा घेऊ शकत नाही. आणि सांधे, हृदय अगर रक्तदाब यांचा विकार असलेल्याने वैद्याला विचारल्यावाचून नमस्कारांचा नेम धरणे धोक्याचे होय. तसेच सक्तीने लावलेली सवय सक्ती संपली की कितपत टिकते, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

तथापि त्यांच्या शिकवणीचा गाभा आज अधिकच पटण्यासारखा आहे. मधुमेह ही आता आपल्या घराघरांतील व्याधी झाली आहे. शिवाय दिसावयास सडपातळ असलेल्या भारतीयाच्याही पोटात चरबीचा अनिष्ट संचय असू शकतो, हे आजच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. म्हणजे केवळ डोळ्यांनी पाहून कोणाच्या प्रकृतीचा निवाडा करता येत नाही. असे असताना आपण मात्र ज्ञातीच्या मेळाव्यात भेट होताच, काय हो, वाळलात, किंवा, फार सुटलात, अशीच विचारपूस करतो. वधूवरमेळाव्यात तर मुलीच्या अंगलटीची चर्चा तिच्या देखत होते. तिला दोन जिने न धापता चढता येतात काय, हे कोणी विचारीत नाही. कोणाच्या स्थूलपणाची थट्टा करून तो आजवर निरोगी झाल्याचे ऐकिवात नाही. थट्टेला भिऊन व्यायामापासून दूर राहिलेली मुले मात्र आपल्याच नात्यागोत्यांत सापडतील.

भवानरावांनी देहाकडे पाहण्याची जी दृष्टी दिली, तिच्यात शरीराचा आकार गौण आणि नित्यनेम प्रधान होता. माणूस किती जाड, किती बारीक, यापेक्षा तो आपल्या देहाची रोज काही सेवा करतो की नाही, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. त्यांच्या स्मृतीस वंदन करावयाचे तर त्यास हारतुऱ्यांची गरज नाही. उद्या सूर्योदयापूर्वी घरातील लहानथोर, स्त्रीपुरुष, सर्वांनी आपापल्या शक्तीप्रमाणे पाच-दहा नमस्कार घालावेत, ज्यांना ते झेपत नाहीत त्यांनी पायी फिरून यावे, आणि एकमेकांच्या अंगलटीविषयी त्या दिवशी एक शब्दही काढू नये. एवढे झाले तरी या राजाचे ऋण थोडेबहुत फिटेल.