जिवंतपणीच अंत्ययात्रा पाहिलेला संपादक : साताऱ्याच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर

टेंभू म्हटलं की आज आठवते ती उपसा सिंचन योजना. कृष्णेचं पाणी उचलून सातारा, सांगली आणि सोलापूरच्या दुष्काळी भागात नेणारी. आटपाडी-खानापूरकडं तर हे नाव लहान पोरांनाही माहिती असतं.

पण कराडजवळच्या या गावाची आणखी एक ओळख आहे. ‘केसरी’चे पहिले संपादक याच गावात जन्मले. गोपाळ गणेश आगरकर.

जन्म १४ जुलै १८५६ चा. घरची परिस्थिती बेताची. कराडला थोडं शिक्षण झालं आणि पैशांअभावी थांबलं. मग मुन्सफाच्या कचेरीत उमेदवारी केली, कंपाउंडरचं काम केलं. शेवटी शिकायचंच म्हणून नातेवाइकांच्या आधारानं थेट अकोला गाठलं. तिथं असताना ‘वऱ्हाड समाचार’ या स्थानिक वर्तमानपत्रात ते लिहायला लागले. लेखणी हातात आली ती इथं.

मॅट्रिक होऊन १८७५ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगात घालायला सदरा एकच. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. याच कॉलेजात बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जमली. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवलं की, त्या पैशांची आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार, हे त्यांचं ठरलं होतं.

जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. ‘केसरी’ आगरकरांकडं, इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडं. वर्षभरातच दोघंही अडचणीत आले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय आणि त्यामागं दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा मजकूर त्यांनी छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. शिक्षा झाली चार महिन्यांची. १८८२ साली मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. तिथंही आगरकर शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं भाषांतर करत बसले.

एकाच कोठडीत राहिलेले हे दोन मित्र पुढं वेगळे का झाले?

भांडण पैशांचं नव्हतं. बालविवाह, विधवांचं केशवपन, मुलींचं शिक्षण यावर आत्ताच बोललं पाहिजे आणि गरज पडली तर सरकारनं कायदाही करावा, असं आगरकरांचं म्हणणं. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारनं आपल्या समाजात हात घालू नये, आधी राजकीय हक्क मिळवावेत. वाचकही बहुतेक टिळकांच्या बाजूचे. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला.

ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी स्वतःचं ‘सुधारक’ काढलं. मराठी बाजू ते सांभाळायचे आणि इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले. नावापासूनच भूमिका स्पष्ट होती. पुण्यातले सनातनी इतके चिडले की त्यांनी आगरकरांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांच्या घरासमोरून नेली आणि आगरकरांनी ती स्वतः पाहिली, असं सांगतात. पण पुढच्या अंकांचा सूर मवाळ झाला नाही. १८९१ साली संमतिवयाचं बिल आलं, मुलींसाठीची मर्यादा १० वरून १२ वर्षं करणारं. टिळक विरोधात होते. आगरकर उघडपणे बाजूने उभे राहिले.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पण दम्यानं शरीर पोखरलं होतं. १७ जून १८९५ ला ते गेले. वय ३८. उशाशी एक पुरचुंडी सापडली. त्यात स्वतःच्या अंत्यसंस्काराचे पैसे बांधून ठेवलेले होते, मागं पत्नी यशोदाबाईंना कुणापुढं हात पसरावा लागू नये म्हणून.

‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. लिहिताना त्यांचे डोळे वाहत होते, असं म्हणतात.

मुलींच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा आला १९२९ साली. आगरकर जाऊन तोवर ३४ वर्षं झाली होती. ज्या मागणीसाठी त्यांनी वाचक गमावले, मित्र गमावला आणि शिव्या खाल्ल्या, ती शेवटी देशाच्या कायद्यात आली.

टेंभूचं पाणी आज तीन जिल्ह्यांत पोचतं. टेंभूच्या या माणसाचं म्हणणं पोचायला मात्र त्याचं आयुष्य पुरलं नाही.