छातीत गॅस भरून मेणबत्ती विझवणारा इंजिनिअर, आणि तुमच्या कारचा एसी
मे महिन्यात बोदवडमध्ये कारचा एसी गरम हवा फेकू लागला की एकच उत्तर मिळतं, 'गॅस संपला.' या गॅसची गोष्ट थॉमस मिजलीपासून सुरू होते.

जन्म १८८९, अमेरिका. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन तो जनरल मोटर्ससाठी संशोधन करू लागला. तेव्हा फ्रीजमधले वायू विषारी तरी असायचे, नाहीतर पेट घेणारे. गळती झाली की जीव जायचे.

१९२८ मध्ये मिजली आणि सहकाऱ्यांनी फ्रिऑन आणला. १९३० मध्ये त्यानं भरसभेत तो छातीत भरला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटतही नाही! पुढे कारच्या एसीतही हाच गॅस आला.

१९४० मध्ये त्याला पोलिओ झाला. अंथरुणातून उठण्यासाठी स्वतःच बनवलेल्या दोऱ्यांत अडकून १९४४ मध्ये तो गेला. गळालेला फ्रिऑन ओझोनचा थर खातो, हे कळलं १९७४ मध्ये. आता गॅस बदललाय, गळती तीच आहे.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला, म्हणजे कुठंतरी गळतोय. इंजिन थंड झाल्यावर बोनेट उघडून पाइपांचे जोड बघा. तेलकट डाग दिसला, तर संशय तिथंच. आधी गळती बंद, मगच गॅस.