काळ्या आजाराचा वैरी : डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

नोकरीनिमित्त बिहार-बंगालकडे राहिलेल्या मराठी माणसाच्या कानांवर 'काळा आजार' हे नाव केव्हा ना केव्हा पडतेच. ताप हटत नाही, प्लीहा वाढून पोट फुगते, देह झिजतो, कातडी काळवंडते. औषधपाणी न झाल्यास रोगी सहसा वाचत नाही. या व्याधीने एके काळी आसामातील गावेच्या गावे ओस पाडली होती. तिच्यावर गुणकारी औषध शोधणारे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचे चरित्र म्हणूनच मननीय आहे.

त्यांचा जन्म १९ डिसेंबर १८७३ रोजी बिहारमधील जमालपूर येथे झाला. वडील रेल्वेत डॉक्टर होते. गणित व रसायनशास्त्र यांचे अध्ययन करून उपेंद्रनाथ वैद्यकाकडे वळले आणि १९०२ साली एम. डी. झाले. पुढे १९०५ पासून कलकत्त्याच्या कॅम्पबेल हॉस्पिटलमध्ये ते अध्यापन व रुग्णसेवा करू लागले.

काळ्या आजारावर तेव्हा अँटिमनीचा एक क्षार शिरेतून टोचीत. तो विषारी असे, महिनोन्‌महिने घ्यावा लागे व अनेकांना सोसत नसे. यापेक्षा सौम्य संयुग शोधण्याचा उपेंद्रनाथांनी ध्यास घेतला. प्रयोगासाठी मिळालेल्या चिमुकल्या खोलीत ना गॅस होता, ना पाण्याचा नळ. दिवसाची कामे आटोपल्यावर ते कंदिलाच्या उजेडात तेथे काम करीत.

१९११ साली स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने १९१९ च्या अखेरीस त्यांना अनुदान मंजूर केले. यशाची हमी त्या वेळी कोणालाच देता आली नसती. पुढच्याच वर्षी 'यूरिया स्टिबामाइन' सिद्ध झाले व १९२२ साली रुग्णांवरील उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महिन्यांचा उपचार काही आठवड्यांवर आला आणि असंख्य जीव वाचले. १९३४ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी ते निवर्तले. अनुदान देणारी ती संस्था १९४९ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद झाली.

परंतु रोग काही स्वस्थ बसला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बिहारमधील रोगजंतू अँटिमनीच्या औषधांना दाद देईनासे झाले. नव्या औषधांचा शोध पुन्हा घ्यावा लागला. २०१४ पासून लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाची एकच मात्रा राष्ट्रीय कार्यक्रमात देण्यात येऊ लागली. मधल्या काळात प्रयोगशाळांचा निधी आटला असता, तर त्या रुग्णांच्या वाट्याला काय आले असते?

सरकारी नोकरीत खर्चाच्या कित्येक फायली माझ्या हातांखालून गेल्या. यंदाच्या पैशाचे फळ यंदाच दाखवा, असा आमचा आग्रह असतो. पूल-रस्त्यांच्या बाबतीत तो योग्यही असेल. संशोधनाला मात्र वर्षानुवर्षे, न कंटाळता पैसा पुरवावा लागतो. त्याचे फळ अखेर खाटेवरच्या रुग्णाच्या पदरी पडते, आणि त्या रुग्णाला फाइलमधल्या मंजुरीची कधी वार्ताही नसते.

कंदिलाच्या उजेडात जागलेल्या त्या तपस्व्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!