जातं, मोट आणि बहिणाबाई

परवाची गोष्ट. माझी भाची विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली आणि ते ओट्यावर आपटून बसली. नववीचा पहिलाच धडा, गतीचे नियम. जडत्व, संवेग, त्वरण, असंतुलित बल... सगळ्या व्याख्या तिला तोंडपाठ होत्या. पण म्हणजे काय गं, असं विचारलं की गप्प! आपल्याला विज्ञान जमणारच नाही, दहावीनंतर आर्ट्सलाच जायचं, असं तिनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

माझ्या पोटात कालवलं. कारण मीही आर्ट्सला गेले ते अशीच घाबरून. आमच्या वेळी विज्ञानाचा तास म्हणजे फळ्यावरचं वहीत उतरवणं. चाक का फिरतं असं विचारलं, तर मुलींना कशाला हव्यात असल्या चौकशा, असं उत्तर मिळायचं. आर्ट्सला गेल्याचं दुःख नाही हो मला. भीतीनं गेले, याचं आहे.

आमच्या सावद्याच्या घरात परसदारी आजीचं जातं अजून आहे. भाचीला तिथं नेलं. कळण्याच्या भाकरीपुरती ज्वारी आणि उडीद घेतले आणि तिला खुंटा धरायला सांगितला. दळता दळता मी तिला बहिणाबाईची गोष्ट सांगितली. शाळेत कविता शिकतो आपण तिच्या, पण तिचा दिवस कसा जायचा ते कुठं कोण सांगतं?

बहिणाबाई जन्मली १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या असोद्यात. माहेर महाजनांचं, वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, भरलेलं शेतकरी घर. मुलींनी शाळेत जायचे ते दिवसच नव्हते. तिला अक्षरओळख झाली नाही, ती शेवटपर्यंत नाहीच. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावच्या चौधरींच्या वाड्यात आली. नवऱ्याचं नाव नथुजी.

सासर मोठं, खाणारी तोंडं पुष्कळ. म्हणजे पहाटे जातं आलंच. इथं मी भाचीला थांबवलं. पहिला फेरा जड गेला की नाही? गेला होता. थांबलेला दगड थांबूनच राहू बघतो, त्याला हलवायला जास्त जोर लागतो. तेच जडत्व. एकदा फिरायला लागल्यावर मात्र तेवढा जोर लागत नाही, दोन तळ्यांमधल्या घर्षणाला पुरेल एवढा रेटा देत राहिलं की झालं. मग खुंटा कडेला का बसवलाय, हे तिनंच विचारलं. मी तिला खुंटा सोडून तळीवर मध्याच्या जवळ हात टेकवून ढकलायला लावलं. जातं हलेना! मध्यापासून वीस सेंटिमीटरवर जेवढं बळ लागतं, त्याच्या दुप्पट दहा सेंटिमीटरवर लागतं. ज्या कुणी पहिल्यांदा खुंटा कडेला बसवला, त्याला हे हातानं कळलेलं होतं.

अशा जात्यावर, पहाटेच्या अंधारात बहिणाबाईला गाणी सुचत. शब्द तिच्या घरातलेच, आपल्या लेवा गणबोलीतले. सावदा-फैजपूरच्या बाईला ते ऐकताना वेगळं काही वाटतच नाही, आपली आजीच बोलतेय असं वाटतं. जातं एका लयीत फिरतं, दोघी समोरासमोर बसल्या की एकीचा रेटा संपतो तिथं दुसरीचा सुरू होतो. ती लय गाण्यात उतरली तर नवल काय!

नंतर तिच्यावर आकाश कोसळलं. तिशीतच नथुजी गेले. काशी, ओंकार आणि सोपान ही तीन लेकरं पदरात. ओंकारला प्लेगच्या साथीत कायमचं अपंगत्व आलेलं. तिशीतल्या विधवेचं आयुष्य त्या काळी काय असेल, ते वेगळं सांगायला नको. पण ती बसून राहिली नाही. शेतात राबली, लेकरं वाढवली. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, सगळी कामं तिच्या हातांखालून गेली आणि तीच कामं तिच्या गाण्यांचे विषय झाली.

मोटेचंच बघा. आजच्या मुलींनी मोट पाहिलेली नाही, म्हणून मी भाचीला चित्र काढून दाखवलं. विहिरीवर चाक, चाकावरून नाडा, नाड्याला चामड्याची मोट. बैल मोट ओढतात ते धावेवरून, आणि धाव असते उताराची. का? तर उतारावर बैलाचं स्वतःचं वजनही ओढायच्या कामी येतं. मोटकरी नाड्यावर बसतो, त्याचंही वजन त्यात जातं. चाक बळ कमी करत नाही, पण त्याची दिशा बदलतं. बैल पुढं जातात आणि मोट वर येते, थारोळ्यात पाणी पडतं. एवढा सगळा भौतिकशास्त्राचा धडा आपल्या विहिरींवर रोज चालायचा!

उपणणीही तशीच. उंचावर उभं राहून सूप हलवायचं. पृथ्वी दाणा आणि भुसा दोघांनाही खाली ओढते. पण भुसा वजनाला हलका आणि पसाऱ्याला मोठा, वारा त्याला दूर नेतो. दाणा जवळपास सरळ पायाशी पडतो. वारा पडला की काम थांबतं, म्हणून बाया वाऱ्याची वाट बघत उभ्या राहायच्या. बहिणाबाईही अशीच उभी राहिली असणार.

बैलगाडीवर मात्र भाची अडली. बैल गाडीला ओढतो, गाडीही बैलाला तेवढंच मागं ओढते, मग गाडी चालते कशी? मी म्हटलं, बैलाचे खूर बघ. तो खुरांनी जमीन मागं रेटतो आणि जमीन त्याला तेवढ्याच बळानं पुढं रेटते. क्रिया बैलाची, प्रतिक्रिया जमिनीची. गाडीच्या ओढीपेक्षा जमिनीचा हा रेटा जास्त झाला की बैल पुढं निघतो, मागोमाग गाडी. म्हणून तर चिखलात खूर घसरले की बैल कितीही जोरदार असो, गाडी जागची हलत नाही.

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेली. तोवर ती चारचौघींसारखी एक शेतकरीण होती. जगाला तिचं नावही ठाऊक नव्हतं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकानं काही गाणी वहीत उतरवून ठेवली होती. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, तरी आईची वही कुणाला दाखवायला संकोचत होते. शेवटी त्यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे थक्क झाले, त्यांनी ती छापायलाच लावली. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं आणि महाराष्ट्राला बहिणाबाई भेटली. पण वहीत न उतरलेली कितीतरी गाणी तिच्याबरोबरच गेली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव दिलं गेलं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं नाव आज पदवीच्या कागदावर असतं!

मैत्रिणींनो, बहिणाबाईला न्यूटन माहीत होता असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं तिच्यावरही अन्याय आणि न्यूटनवरही. हातानं कळणं वेगळं आणि नियम मांडून, गणित करून कळणं वेगळं. पण पहिलं असेल तर दुसरं सोपं जातं. आपल्या आज्यांकडे पहिलं भरपूर होतं, दुसऱ्याचं दार त्यांना कुणी उघडून दिलं नाही. आपल्या मुलींना दार उघडं आहे, पण पहिलं हरवलंय. म्हणून त्या व्याख्या पाठ करतात आणि घाबरतात.

दळण संपल्यावर भाचीला मी आमच्या केळीच्या ट्रकमधलं गणित घातलं. वीस किलोचा घड, ट्रकचा वेग सेकंदाला दहा मीटर. म्हणजे संवेग दोनशे. ट्रक धडकला आणि घड कडक फळीवर आपटून ०.१ सेकंदात थांबला, तर बळ २००० न्यूटन. मध्ये पाल्याची गादी असली आणि थांबायला ०.५ सेकंद लागलं, तर ४०० न्यूटन. पाचपट कमी! ट्रक भरताना केळीचा पाला का अंथरतात, ते तिनं मला उलट समजावून सांगितलं. सुट्टीत शेतावर लहानपणापासून बघत आली होती ती, पण पुस्तकाशी कधी जोडलं नव्हतं.

ती सायन्सला जाईल की आर्ट्सला, मला ठाऊक नाही. कुठंही जावो. घाबरून जाऊ नये, एवढंच.

जाताना तिनं विचारलं, पुढच्या रविवारी पुन्हा दळायचं का? धडा दुसरा आहे, कार्य आणि ऊर्जा. मी ज्वारी निवडून ठेवलीय.