लिन त्सेशू आणि अफूचा व्यापार

ज्या चीनच्या व्यापारानें मुंबईच्या कित्येक पेढ्या नांवारूपास आल्या, त्या व्यापाराची गोष्ट आपल्याकडे नफ्याच्या बाजूनें पुष्कळ सांगितली जाते. तोटा ज्यांच्या वाट्यास आला त्यांची गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. म्हणून आज आम्ही लिन त्सेशू या चिनी अधिकाऱ्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. ब्रिटन आणि चीन या दोन बलाढ्य राष्ट्रांचा संबंध व्यापारावरून युद्धावर कसा गेला, हें या एका माणसाच्या आयुष्यांत स्पष्ट दिसतें.

लिनचा जन्म १७८५ सालीं फूचौ येथें झाला. बाप गरीब शिक्षक होता. मुलानें १८११ सालीं राज्यांतील सर्वांत वरची परीक्षा उत्तीर्ण केली आणि सरकारी नोकरींत तो पायरीपायरीनें चढत गेला. न्यायदान असो कीं नद्यांचे बांध असोत, हातीं आलेलें काम त्यानें निर्मळपणें केलें. लांच न घेणारा म्हणून रयतेनें त्यास निरभ्र आकाशाचें नांव दिलें होतें.

त्या काळीं पाश्चात्य व्यापाऱ्यांस एका कँटन बंदरांतच मुभा होती, ती १७५७ पासून; आणि तीही सरकारनें नेमलेल्या मोजक्या अडत्यांच्या मार्फत. १७९३ सालीं लॉर्ड मॅकार्टनी इंग्लंडचा वकील म्हणून गेला व त्यानें अधिक बंदरें मागितलीं. चिएनलुंग बादशहानें तीं नाकारलीं. इंग्रजांस चहा हवा होता, पण चीनला इंग्रजी मालाची गरज नव्हती. म्हणून चहापायीं चांदी मोजावी लागे. यावरचा तोडगा हिंदुस्थानांत सांपडला. पाटणा व बनारसची अफू कंपनी कलकत्त्यास लिलावानें विकी, माळव्याची अफू मुंबईहून निघे, आणि खाजगी व्यापारी ती चीनच्या किनाऱ्यावर चोरून उतरवीत. कारण तेथें ती कायद्यानें बंद होती. १८३३ च्या कायद्यानें कंपनीचा मक्ता गेला आणि ही आयात फारच वाढली. चांदी आतां चीनमधून बाहेर चालली. शेतकऱ्याच्या हातीं तांब्याचीं नाणीं, सारा मात्र चांदीच्या हिशेबानें. चांदी महागली तसा त्याचा बोजा वाढला.

१८३६ सालीं अफू जकात घेऊन खुली करावी, अशी सूचना दरबारांत आली होती. ती मागें पडली. हूनान व हूपे प्रांतांचा सुभेदार असतांना लिननें नळ्या जप्त करून व्यसनी लोकांस औषधें देवविलीं होतीं. ताओक्वांग बादशहानें त्यासच पूर्ण अधिकार देऊन कँटनला धाडलें. १८३९ च्या मार्चांत तेथें पोंचतांच त्यानें सर्व अफू स्वाधीन करण्याचा हुकूम सोडला व परदेशी वखारींस सुमारें सहा आठवडे वेढा घातला. इंग्रज अधीक्षक कॅप्टन चार्ल्स एलियट यानें २०,२८३ पेट्या देवविल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा मालही त्यांत होता. हूमेन येथें ३ जूनपासून सुमारें तीन आठवडे ही अफू मीठ व चुना घालून नासविली व समुद्रांत सोडली. एवढें धन हातीं येऊन लिननें स्वतःच्या पदरांत कांहींच पाडून घेतलें नाहीं.

येथपर्यंत न्याय लिनच्या बाजूस होता, असें आम्हांस निःसंशय वाटतें. परंतु इंग्लंडच्या बळाचा अंदाज त्यास आला नाहीं. चहा व रेवाचिनी यांवांचून हे लोक जगूं शकत नाहींत, अशी त्याची समजूत होती. इकडे एलियटनें व्यापाऱ्यांस सरकारी भरपाईची हमी दिलेली. त्यामुळें चोरट्या मालाचा दावा राजसत्तेचा दावा झाला. १८४० सालीं पार्लमेंटांत सरकारविरुद्धचा ठराव अवघ्या नऊ मतांनीं पडला, आणि जूनमध्यें आरमार चीनच्या किनाऱ्यास लागलें. त्यांत हिंदी शिपाईही होते. बादशहानें दोष लिनच्या माथीं मारून त्यास बडतर्फ केलें व पुढें दूर पश्चिमेस इली येथें हद्दपार केलें. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें हाँगकाँग गेलें, पांच बंदरें खुलीं झालीं, आणि २ कोटी १० लक्ष डॉलर दंड बसला.

हद्दपारींतही लिन रिकामा बसला नाहीं. इलींत त्यानें कालव्यांचीं कामें केलीं. कँटनला असतांना त्यानें दुभाषे ठेवून परदेशी वर्तमानपत्रें, भूगोल व राष्ट्राराष्ट्रांतील कायदा यांचीं भाषांतरें करविलीं होतीं. तीं कागदपत्रें त्यानें वै युआन या मित्रास दिलीं. त्यांतून समुद्रापलीकडील राज्यांविषयीं जो ग्रंथ झाला, तो जपानी लोकांनींही आवडीनें वाचला. पुढें लिनला परत बोलावण्यांत आलें. १८५० सालीं बंडाच्या बंदोबस्तास जात असतां तो वाटेंतच मरण पावला.

त्याच्या मागें १८५८ सालीं चीनमध्यें अफू कायदेशीर झाली. हिंदुस्थानांतून तिची निर्यात कमी करीत नेण्याचा करार होण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. चीनच्या दरबारानें जगाकडे डोळे मिटले होते, त्याची शिक्षा त्यास झाली. आपल्या सावकारांनीं मालाकडे डोळे मिटले. त्यांस शिक्षा झाली नाहीं, उलट मान मिळाला. माल कोठें जातो व तेथें काय करतो, हा प्रश्न नफ्याच्या आधीं विचारावयाचा असतो, एवढेंच आमच्या व्यापारी बंधूंनीं या चरित्रावरून ध्यानांत घ्यावें.