गोंदियाचा सारस आणि रेचल कार्सन

महाराष्ट्रातला सारस आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यातल्या धानाच्या बांध्यांतच दिसतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस राजस्थानात भरतपूरला ऑल्ड्रिन या ऑर्गॅनोक्लोरीन कीटकनाशकानं सारस मेले होते. या विषांबद्दल सावध करणाऱ्या रेचल कार्सन तोवर जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती.

जन्म १९०७चा, अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातला. त्या सागरी जीवशास्त्रज्ञ होत्या. सरकारी नोकरी केली, समुद्रावर पुस्तकं लिहिली. १९५८ मध्ये ओळखीतल्या एका बाईंचं पत्र आलं: डीडीटीच्या फवारणीनंतर आवारातले पक्षी मेले. त्यातून १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं.

मुद्दा साधा होता. ही रसायनं लवकर विघटित होत नाहीत आणि शरीरातल्या चरबीत साठतात. किडा मासोळीच्या पोटात, मासोळी पक्ष्याच्या. प्रत्येक पायरीवर विष वाढत जातं.

रसायन कंपन्या तुटून पडल्या. कार्सन यांना स्तनाचा कर्करोग होता, पण विरोधकांना आयतं निमित्त नको म्हणून त्यांनी तो लपवला. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या समितीनं त्यांचं म्हणणं उचलून धरलं. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६व्या वर्षी त्या गेल्या.

अमेरिकेनं १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. भारतानं १९८९ मध्ये शेतीतला वापर थांबवला, मलेरियासाठी मुभा ठेवली. खरं तर सरसकट बंदी कार्सन यांनी मागितलीच नव्हती. बेसुमार फवारणीनं डासच विषाला दाद देणार नाहीत, असं त्यांनी बजावलं होतं. भारतात १९६५ मध्ये लाखभरावर आलेले मलेरियाचे रुग्ण १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेले. त्याचं एक कारण हेच होतं.