विश्लेषण : गावाशी गावाच्याच बोलीत बोलणारे रेडिओवरचे ‘तात्या’ कोण होते?

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यासारख्या गावांत आजही अशी माणसं भेटतात, ज्यांनी पुस्तकातली गोष्ट वाचण्याआधी रेडिओवरची गोष्ट ऐकली. पुणे आकाशवाणी म्हटलं की त्या पिढीला जी नावं आठवतात, त्यात एक हमखास असतं, व्यंकटेश माडगूळकर ऊर्फ तात्या. २८ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचं निधन झालं. पॉडकास्ट ऐकणाऱ्या पिढीनं त्यांना का ओळखावं? समजून घेऊ.

रेडिओपर्यंत कसे पोहोचले?

जन्म ६ जुलै १९२७, माडगुळे. तेव्हा हे गाव औंध संस्थानात होतं, आज ते सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात आहे. घरची गरिबी होती. त्यात १९४२ च्या चळवळीत उडी घेतली आणि शाळा अर्धवट राहिली. इंग्रजी स्वतःच शिकले, चित्रंही काढत. १९४९ मध्ये ‘माणदेशी माणसे’ आलं आणि मराठी कथेत खरंखुरं खेडं दिसू लागलं.

१९५५ हे वर्ष निर्णायक ठरलं. ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात रुजू झाले. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांचं ‘गीतरामायण’ही त्याच वर्षी १ एप्रिलपासून याच केंद्रावरून सुरू झालं होतं.

पुणे केंद्रावर तेव्हा काय सुरू होतं?

२ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेलं हे केंद्र अजून नवं होतं. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं इथं एक प्रयोग झाला. सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांचे गट रेडिओभोवती बसायचे, कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. आठवड्यातून दोन, असे एकूण २० कार्यक्रम झाले. पुढे ही पद्धत देशभर नेण्यात आली.

अशा श्रोत्यांसाठी बोलणं सोपं नव्हतं. मोबाइलवर न कळलेलं वाक्य मागे जाऊन पुन्हा ऐकता येतं. रेडिओवर ती सोय नाही. पहिल्याच फटक्यात कळेल असं छोटं, नेमकं वाक्य लागतं. माडगूळकरांचं गद्य मुळातच तसं होतं. जवळपास तीन दशकं ते या कामात राहिले.

विनोद कोणावर होता?

माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या त्रयीनं कथाकथन गावोगावी नेलं. मिरासदारांचा जन्म तर अकलूजचा, म्हणजे इंदापूरकरांसाठी नीरा नदीपलीकडचाच. नेपथ्य नाही, संगीत नाही. फक्त माणूस आणि त्याची गोष्ट. त्याआधी खेडूत माणूस बऱ्याचदा त्याच्या बोलण्यामुळे हसण्याचा विषय व्हायचा. या तिघांच्या गोष्टींना मात्र गावकरीच सगळ्यात आधी हसायचे, कारण त्यात त्यांना आपला शेजारी दिसायचा. माडगूळकरांचा विनोद त्यातल्या त्यात शांत. हसता हसता पोटातली भूकही दिसायची.

वरकुट्याशी नातं काय?

‘बनगरवाडी’त एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. उजनीच्या पाण्यानं इंदापूरच्या काही भागात ऊस आला. तरी पाऊस हुकला की जिरायती शेतकऱ्याचं काय होतं आणि मेंढरं घेऊन चाऱ्यामागे जाणं म्हणजे काय, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आज त्याचं काय?

१९८३ मध्ये ‘सत्तांतर’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्याची शाळा अर्धवट राहिली आणि ज्यानं खेड्यातल्या बोलीला लिखाणात जागा दिली, त्याला हा मान मिळाला.

इंजिनीअरिंगसाठी गावाकडून पुण्यात आलेली आमच्यासारखी मुलं पहिल्या सत्रातच बोलणं बदलतात, ‘गावठी’ म्हणतील या धास्तीनं. तात्यांनी त्याच बोलीत, त्याच पुण्यातून, रेडिओवर आयुष्य काढलं. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांना रेडिओवरच्या गोष्टींबद्दल विचारा. आणि ते सांगायला लागले की मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करायला विसरू नका.